वाटाड्या कीं हिशेबनीस?

पायीं जाणारास गांव दिसतें, मोटारींतून जाणारास रस्ता दिसतो. सायकलीवरून जाणारास मात्र गांव आणि रस्ता हीं दोन्ही दिसतात. म्हणून हौशीच्या प्रवासास सायकलीसारखें दुसरें वाहन नाहीं, असें आम्ही मानतों. अलीकडे या वाहनाच्या हँडलावर एक लहानसें यंत्र बसूं लागलें आहे. आकाशांतील उपग्रहांच्या संदेशांवरून तें आपलें ठिकाण ओळखतें, तळहाताहून लहान अशा पडद्यावर नकाशा दाखवितें, आणि त्याच्याच शेजारीं वेग, अंतर, चढ, हृदयाचे ठोके अशा आंकड्यांची रांग मांडतें. कोणी त्यास सायकल-कॉम्प्युटर म्हणतात, कोणी नुसतें जीपीएस म्हणतात. सुटींत सायकलीनें लांब जाण्याची हौस असलेले आमचे विद्यार्थी व माजी विद्यार्थी 'यांपैकीं कोणतें घ्यावें?' असें वारंवार विचारतात. विचारणारास बहुधा एखाद्या कंपनीचें नांव हवें असतें. आमच्या मतें नांव हें शेवटचें उत्तर होय. पहिला प्रश्न निराळाच आहे. तो असा कीं, हें यंत्र आपणांस वाटाड्या म्हणून हवें आहे कीं हिशेबनीस म्हणून?

हिशेबनिसाची हौस आजची नव्हे. १८९५ सालीं अमेरिकेंत कर्टिस व्हीडर यानें सायकलीच्या चाकाचे फेरे मोजून अंतर दाखविणारें एक चिमुकलें यंत्र काढलें. तेव्हांपासून आपण आज किती चाललों, हें घरीं येऊन सांगण्याचें सुख सायकलस्वारांस लाभलें. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु आजचा हिशेबनीस अंतरावर थांबत नाहीं. मिनिटास पायटे किती फिरले, पायांनीं किती वॅट शक्ति लावली, काल ह्याच चढास किती वेळ लागला होता, उद्यां किती विश्रांति घ्यावी, हें सर्व तो सांगूं पाहतो. शर्यतीच्या सायकलस्वारास या माहितीचा खरा उपयोग आहे. त्याचा तो अभ्यासच आहे. पण जो पाहण्यासाठीं निघाला आहे, झाडाखालीं बसून शहाळें पिण्यांत ज्यास वेळ गेल्यासारखा वाटत नाहीं, त्यास या आंकड्यांचें काय काम? दुकानांतील जाहिरात मात्र दोघांसहि एकाच तराजूंत तोलते, आणि ज्यांत आंकडे अधिक तें यंत्र श्रेष्ठ असें ठरविते. हौशी प्रवाशाची पहिली फसवणूक येथेंच होते.

आतां वाटाड्याकडे वळूं. त्याचें ज्ञान कोठून येतें हें समजल्याशिवाय त्याची परीक्षा करतां यावयाची नाहीं. जीपीएस ही अमेरिकेची योजना. तिचा पहिला उपग्रह १९७८ सालीं आकाशांत गेला, आणि १९९५ सालीं ती पूर्णपणें कार्यक्षम झाल्याचें जाहीर झालें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह आपलें स्थान व अचूक वेळ सतत सांगत असतात. संदेश निघाल्यापासून पोहोंचेपर्यंत किती वेळ लागला, यावरून यंत्र प्रत्येक उपग्रहाचें अंतर काढतें. प्रकाशाची गति सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर असल्यामुळें, वेळेंत सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांची चूक होते. उपग्रहांत अणुघड्याळें असतात, पण आपल्या यंत्रांतील घड्याळ साधें असतें. म्हणून स्थानासाठीं तीन आणि घड्याळाची चूक काढण्यासाठीं चौथा, असे निदान चार उपग्रह दिसावे लागतात. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम कांहीं चूक मिसळीत असे. ती बंद झाल्यावरच हें साधन वाटसरूच्या खऱ्या उपयोगाचें झालें. आज रशियाची ग्लोनास, युरोपाची गॅलिलिओ व चीनची बैदू या योजनांचेहि संदेश बहुतेक नवीं यंत्रें घेतात. आपल्या देशाच्या नाविक योजनेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सोडण्यांत आला.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. उपग्रह आपणांस फक्त आपण कोठें आहों एवढेंच सांगतो. पुढचा रस्ता डांबरी आहे कीं दगडांचा, वाट गांवांत जाते कीं काजूच्या बागेच्या कुंपणापाशीं संपते, हें उपग्रहास ठाऊक नसतें. तें ज्ञान नकाशाचें आहे, आणि नकाशा माणसांनीं केलेला असतो. सायकलीच्या पुष्कळशा यंत्रांतील नकाशे 'ओपन स्ट्रीट मॅप' या सार्वजनिक नकाशावरून घेतलेले असतात. २००४ सालीं इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट यांनीं त्यास आरंभ केला, आणि जगभरचे स्वयंसेवक आपापल्या भागांतील रस्ते त्यांत भरीत आले आहेत. जेथें असा स्वयंसेवक आहे तेथें शेताची पाऊलवाटहि नकाशांत सांपडते. जेथें नाहीं तेथें मोठी वाडीहि सांपडत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, यंत्र पाहण्यापूर्वीं त्याचा नकाशा पाहावा. जेथें जावयाचें आहे तेथील भाग पडद्यावर उघडून, आपल्या परिचयाचीं चार गांवें, दोन पूल व एखादी आडवाट त्यांत बरोबर आहे कीं नाहीं, हें दुकानांतच तपासावें. गांवांचीं नांवें कोणत्या लिपींत उमटतात तेंहि पाहून घ्यावें.

वाटाडे तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार बाण दाखविणारा. लंडनच्या बीलाइन कंपनीचें वेलो नांवाचें यंत्र या जातीचें; मोबाईलच्या आधारानें तें पुढील वळणाची दिशा तेवढी दाखवितें. दुसरा प्रकार रेघ दाखविणारा. घरीं आंखून भरलेला मार्ग कोऱ्या पडद्यावर रेघेसारखा उमटतो, आणि आपण रेघेवर आहों कीं बाजूस गेलों एवढें कळतें. हीं यंत्रें स्वस्त असतात व बॅटरीहि थोडी खातात. पण रेघ सोडून पाव कोस गेल्यास परत कसें यावें हें सांगण्यास त्यांच्यापाशीं नकाशा नसतो. तिसरा प्रकार नकाशा पोटांत बाळगणारा. तो सभोंवारचे रस्ते, ओढे, वस्त्या दाखवितो, आणि वाट चुकल्यास नवी वाट स्वतः काढून देतो. अनोळखी प्रदेशांत अनेक दिवस फिरणारास आम्ही हा तिसरा प्रकारच सुचवूं. मात्र त्याच्या 'नवी वाट काढून देण्याच्या' गुणावर फार विसंबूं नये. तो गुण कसा वागतो हें एका उदाहरणानें स्पष्ट करतों.

अलिबागेहून रत्नागिरीस किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणें हा महाराष्ट्रांतील सायकलस्वारांचा आवडता प्रवास. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, हर्णै, गुहागर, गणपतीपुळें अशीं एकाहून एक रम्य ठिकाणें या वाटेवर आहेत. परंतु ही वाट सलग नाहीं. आगरदांड्याहून दिघीस, बागमांडल्याहून वेशवीस, दाभोळहून धोपाव्यास आणि तवसाळहून जयगडास जातांना खाडी उतरावी लागते, व ती सायकलीसह बोटीनें उतरतात. आतां यंत्रास 'बोटीनें जाणें टाळावें' अशी सूचना कोणी देऊन ठेविली असेल, किंवा मोटारीच्या दृष्टीनें जलद मार्ग काढण्यास तें सांगितलेलें असेल, तर काय होईल? दाभोळच्या धक्क्यावर समोर पैलतीर दिसत असतां तें यंत्र आपणांस वाशिष्ठीच्या कांठानें चिपळुणाकडचा वळसा दाखवील, आणि कांहीं मिनिटांची खाडी दिवसाच्या वाटेएवढी होऊन बसेल. यंत्र खोटें बोललें असें नव्हे. त्यास विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. उलट पक्षीं, नकाशांत बोटीची ठिपक्यांची रेघ असली म्हणजे त्या दिवशीं बोट चालू आहे असेंहि नाहीं. पावसाळ्यांतील वादळ, भरती-ओहोटी, शेवटच्या फेरीची वेळ, हें सर्व धक्क्यावरील चहावाल्यासच ठाऊक असतें. शिवाय या खाड्यांवर पूल बांधण्याचीं कामें सरकारनें हातीं घेतलेलीं आहेत. जसजसा एकेक पूल खुला होईल तसतसा आजचा नकाशा जुना होईल. म्हणून नकाशा फुकट व सहज नवा करून घेतां येतो कीं नाहीं, हेंहि निवडीच्या वेळीं विचारावें.

यावरून आमचा दुसरा नियम निघतो. मार्ग घरीं, मोठ्या पडद्यावर किंवा कागदी नकाशावर, आपल्या बुद्धीनें आंखावा, आणि मग तो यंत्रांत भरावा. जीपीएक्स नांवाच्या फाइलीच्या रूपानें असे मार्ग एका यंत्रांतून दुसऱ्यांत नेतां येतात. मात्र तिच्यांत दोन भिन्न गोष्टी असूं शकतात: एक, आंखलेल्या रेघेवरील जवळजवळचे बिंदु, दुसरी, केवळ मधलीं मुख्य ठिकाणें. पहिलीत आपली रेघ जशीच्या तशी राहते. दुसरीत दोन ठिकाणांमधील वाट यंत्र आपल्या मतानें पुन्हां काढतें. आपण किनाऱ्याची वाट आंखावी आणि यंत्रानें महामार्गाची दाखवावी, असा प्रसंग येतो तो बहुधा या दुसऱ्या रीतीमुळें. गांवाचें नांव टंकून मार्ग विचारण्यांत तर याहूनहि मोठा धोका आहे. महाराष्ट्रांत वडगांव किती, पिंपळगांव किती आणि शिरगांव किती, याची गणति कोणीं करावी? नकाशावर बोट ठेवून ठिकाण निश्चित करावें, हेंच उत्तम.

कांहीं कंपन्या असें सांगतात कीं, हजारों सायकलस्वार ज्या रस्त्यानें गेले त्याच रस्त्यास आमचें यंत्र पसंति देतें. कल्पना चांगली आहे. पण ज्या भागांत सायकलीची हौस करणारे थोडे आणि त्या यंत्राचे धनी त्याहून थोडे, तेथें ही सामुदायिक स्मृति तोकडीच पडणार. युरोपांतील नदीकांठच्या सायकल-मार्गांवर जो गुण सोन्याचा ठरतो, तो दापोली तालुक्याच्या आडवाटेवर पितळेचा ठरूं शकतो. जाहिरात वाचतांना ती कोणत्या देशाच्या रस्त्यांसाठीं लिहिलेली आहे, हें विसरूं नये.

तिसरी गोष्ट बॅटरीची. हौशी प्रवासी दिवसास ८० किलोमीटर व तासास सरासरी १५ किलोमीटर चालतो असें धरलें, तर प्रत्यक्ष चालण्यास पांच तास वीस मिनिटें लागतात. जेवण, विसांवा, देवळें, किल्ले व गप्पा मिळून यंत्र नऊ-दहा तास चालूं राहतें. कंपनीनें छापलेले तास नव्या बॅटरीचे व अनुकूल परिस्थितींतील असतात. मागचा दिवा, सतत दिसणारा नकाशा व मोबाईलशीं जोडणी यांत त्यांचा बराच भाग खर्ची पडतो. म्हणून छापील आंकड्याच्या दोनतृतीयांश भाग खरा मानून चालावें. या हिशेबानें १५ तास सांगणारें यंत्र एका दिवसास पुरतें, परंतु रोज रात्रीं तें चार्ज करणें भाग पडतें. कोंकणांत रात्रींची वीज जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं. तेव्हां एक पॉवर बँक जवळ असावी, आणि मोबाईल व यंत्र या दोघांस एकच तार चालावी. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण आठ दिवसांच्या प्रवासांत तिचें मोल कळतें.

चौथी गोष्ट पडद्याची व बटनांची. भर दुपारच्या उन्हांत मोबाईलचा पडदा उजळ करावा तेव्हां कोठें दिसतो, आणि उजळ केला कीं बॅटरी भराभर उतरते. सायकलीच्या चांगल्या यंत्रांचा पडदा सूर्यप्रकाश परतवून त्याच प्रकाशांत वाचतां येईल असा केलेला असतो. जितकें ऊन अधिक तितका तो स्पष्ट. हा या यंत्रांचा मोबाईलवरील खरा विजय. आंकारानें पडदा अडीच ते तीन इंचांचा असल्यास नकाशा डोळ्यांस ताण न देतां दिसतो. त्याहून लहान पडद्यावर आंकडे वाचतां येतात, पण नकाशा वाचतां येत नाहीं. स्पर्शानें चालणारा पडदा घरांत सुखाचा असतो; पावसाच्या थेंबांनीं, घामानें भिजलेल्या बोटानें किंवा हातमोज्यानें तो हट्टी होतो. म्हणून निदान मुख्य कामें बटनांनीं व्हावीं, असा आमचा आग्रह आहे. पाण्यापासून रक्षणाची आयपीएक्स ७ ही खूण पाहावी. एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहूनहि आंत पाणी शिरत नाहीं, असा तिचा अर्थ. मात्र चार्जिंगच्या छिद्राचें रबरी झांकण असल्यास तें नीट बसविण्याचें काम आपलें.

पांचवी गोष्ट चढाची. पोलादपुराहून आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास जाणारास समुद्रसपाटीच्या जवळून सुमारें १,३५० मीटर उंचीपर्यंत चढावयाचें असतें. अशा वेळीं अजून किती चढ उरला हें कळणें ही चैन नव्हे. त्यावर पाणी केव्हां प्यावें, कोठें बसावें, बरोबरच्या अशक्त गड्यास किती धीर द्यावा, हें अवलंबून असतें. उपग्रहांवरून काढलेली उंची ठिकाणाइतकी अचूक नसते. म्हणून ज्या यंत्रांत हवेचा दाब मोजण्याची सोय आहे तें घ्यावें. सखल भागांत दर ८ मीटर चढीस हवेचा दाब सुमारें एक मिलिबार उतरतो, यावर ही रीति आधारलेली आहे. पण दाब हवामानानेंहि बदलतो, म्हणून अधूनमधून ज्ञात उंचीच्या ठिकाणीं यंत्र जुळवून घ्यावें. आपल्या रेल्वे स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते; या कामीं त्याहून सोईची खूण कोणती? घाटाच्या अरुंद खिंडींत कड्यांवरून संदेश परावर्तित झाल्यामुळें ठिकाण थोडें चुकतें, हेंहि ध्यानांत असूं द्यावें. दोन लहरींवर संदेश घेणाऱ्या नव्या यंत्रांत ही चूक कमी होते; पण रस्ता एकच असलेल्या घाटांत तिची चिंता करण्याचें कारण नाहीं.

आतां नांवें. कोणाहि कंपनीची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. केवळ वर सांगितलेली कसोटी कशी लावावी हें दाखविण्यापुरतीं हीं उदाहरणें. गार्मिन कंपनीचें २०२२ सालीं निघालेलें एज एक्सप्लोअर २ हें यंत्र प्रवाशांस उद्देशूनच केलेलें आहे: पडदा तीन इंचांचा, छापील आयुष्य १६ तासांचें, आणि शर्यतीच्या अभ्यासाचे पुष्कळ आंकडे त्यांतून मुद्दाम गाळलेले. त्याच कंपनीचें त्याच वर्षीं निघालेलें एज १०४० सोलर हें उन्हावरहि थोडीबहुत वीज मिळवितें व कितीतरी अधिक काळ टिकतें. परंतु त्याची किंमत पाहतां, गांव सोडून दिवसेंदिवस निर्जन प्रदेशांत राहणारासच तें शोभतें. वाहू कंपनीचें रोम हें बटनांनीं चालणारें व मांडण्यास सोपें. हॅमरहेडच्या कारूचा पडदा अतिशय सुरेख, पण त्याची बॅटरी जपून वापरावी लागते असा त्याचा लौकिक. तैवानची ब्रायटन व चीनची आयजीपीस्पोर्ट या कंपन्यांचीं यंत्रें पुष्कळ स्वस्त मिळतात; त्यांत नकाशा आहे कीं नुसती रेघ, याची चौकशी प्रत्येक नमुन्यापुरती निराळी करावी. नवे नमुने दरवर्षीं येतच राहतात. म्हणून नमुन्याचें नांव विसरलें तरी चालेल, कसोटी विसरूं नये.

यावर कोणी म्हणेल, 'खिशांत मोबाईल असतां हा खर्च कशाला?' हा आक्षेप आम्हांस पुष्कळ अंशीं मान्य आहे. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स यांसारखीं ॲप मोबाईलवर घेऊन हव्या त्या भागाचा नकाशा आधींच उतरवून ठेविला, तर इंटरनेटवांचूनहि तो चालतो. ज्यास शनिवारीं निघून रविवारीं परत यावयाचें आहे, ज्याचे रस्ते बहुतेक परिचयाचे आहेत, त्यानें निराळें यंत्र घेऊंच नये, असेंच आम्ही म्हणूं. मोबाईल पिशवींत ठेवावा, वळणांचीं गांवें एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून ती हँडलास चिकटवावी, आणि नाक्यावर थांबून विचारावें. परंतु प्रवास लांबचा असला म्हणजे मोबाईलविरुद्ध एक बळकट कारण पुढें येतें. मोबाईल हें संकटकाळीं हांक मारण्याचें साधन आहे. दिवसभर वाट दाखवून त्याची बॅटरी संध्याकाळीं संपली, आणि त्याच वेळीं टायर फाटला किंवा सोबत्यास दुखापत झाली, तर वाटाड्या आणि मदतनीस हे दोघेहि एकदम नाहींसे होतात. दोन कामें दोघांकडे असावींत, हें शहाणपणाचें आहे. निराळें यंत्र घेण्याचें आमच्या मतें हेंच मुख्य कारण. बाकीचीं सर्व गौण.

येथपर्यंत आम्हीं यंत्राविषयीं लिहिलें; आतां माणसाविषयीं. जपानांत तोरू इशिकावा व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं लोकांस जीपीएस देऊन, कांहींस कागदी नकाशा देऊन व कांहींस वाट एकदां प्रत्यक्ष दाखवून, पायीं ठराविक ठिकाणीं जाण्यास सांगितलें. जीपीएसवाले अधिक अंतर चालले, अधिक वेळां थांबले, आणि मागाहून त्या वाटेचा आराखडा काढण्यांत, वाट प्रत्यक्ष दाखविलेल्यांहून कमी पडले. ज्यास पुढचें वळण आयतें मिळतें, त्याचें मन सभोंवारच्या प्रदेशाचें चित्र रचण्याचे कष्ट घेत नाहीं, असा याचा अर्थ आम्ही करतों. प्रवासाहून परत आल्यावर जर अंतर दशांशासहित सांगतां आलें, पण सावित्री नदी उजवीकडून आली कीं डावीकडून हें सांगतां आलें नाहीं, तर आपण प्रवास केला कीं केवळ चाकें फिरविलीं? आणखी एक हानि अधिक तातडीची आहे. डोळे पडद्यावर व चाक रस्त्यावर, अशा स्थितींत वळणावरून येणारी एस. टी. दिसत नाहीं. म्हणून वळणाची सूचना शिटीसारख्या आवाजानें देणारें यंत्र घ्यावें, चालतीवर त्याच्या बटनांशीं खेळूं नये, आणि वेगाचा आंकडा पहिल्या पानावरून काढून टाकावा. पहिल्या पानावर नकाशा असावा, आणि त्याखालीं फार तर दोन आंकडे: पुढचें वळण किती दूर, व मुक्काम किती दूर. जो आंकडा पाहून आपण कांहींएक निराळें करणार नाहीं, तो आंकडा पडद्यावर ठेवण्यांत अर्थ नाहीं.

आंकड्यांचा मोह एकट्याचाच नाश करीत नाहीं. चौघे मिळून निघाले असतां, ज्याच्या हँडलावर सरासरी वेग दिसत असतो तो नकळत पुढें पळतो आणि मागचा एकटा पडतो. हिशेबनीस पुढच्याचा वेग बिनचूक सांगतो. मागच्याची तहान त्यास कळत नाहीं. तसेंच, आपला रोजचा मार्ग इंटरनेटवर जगास दाखविण्याची जी चाल पडली आहे तिच्याविषयीं विद्यार्थ्यांनीं विशेष सावध राहावें. स्ट्राव्हा कंपनीनें आपल्या सभासदांच्या धांवण्या-फिरण्याच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यावरून दूरदेशच्या लष्करी तळांची रूपरेखा उघडी पडते, हें जानेवारी २०१८ मध्यें लोकांच्या ध्यानांत आलें. जें सैन्याच्या तळाचें झालें तें आपल्या घराच्या दाराचेंहि होऊं शकतें. घराभोंवतींचा भाग झांकण्याची सोय अशा ठिकाणीं असते. ती आधीं वापरावी, आणि शक्य तर नोंद स्वतःपाशींच ठेवावी.

कोणी असें समजूं नये कीं, आम्ही जुन्याचे आंधळे भक्त आहों. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगारा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर तुडवून १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परत आले. त्यांच्यापाशीं उपग्रह नव्हते. पण त्यावरून उपग्रह व्यर्थ ठरत नाहींत. त्यांस हें साधन मिळतें तर त्यांनीं तें आनंदानें घेतलें असतें, असें आम्हांस वाटतें. त्यांच्या उदाहरणाचा बोध निराळा आहे: दिशा ओळखणें, माणसांस विचारणें, नकाशा डोक्यांत बाळगणें, हे गुण ज्याच्या अंगीं आहेत त्याच्या हातीं यंत्र पडलें तर तें त्याचें बळ वाढवितें, ज्याच्या अंगीं नाहींत त्याच्या हातीं पडलें तर तें त्याची उणीव झांकतें, आणि बॅटरी संपतांच ती उघडी पाडते.

सारांश, आमचें मत थोडक्यांत येणेंप्रमाणें आहे. दोन दिवसांच्या परिचित वाटेस मोबाईल व चिठ्ठी पुरे. अनेक दिवसांच्या अपरिचित वाटेस नकाशा बाळगणारें, उन्हांत वाचतां येणारें, बटनांनीं चालणारें, पाण्यास न भिणारें, निदान १५ तास सांगणारें यंत्र घ्यावें, आणि शर्यतीच्या गुणांसाठीं एक पैहि अधिक देऊं नये. ज्या पैशांत अधिक आंकडे मिळतात, त्याच पैशांत चांगले टायर, चांगले ब्रेक व रात्रींचा चांगला दिवा मिळतो. आईबापांच्या कष्टाच्या पैशाचा विनियोग करतांना हा क्रम विसरतां कामा नये.

शेवटीं शाळेस एक सूचना करण्याची परवानगी घेतों. असें यंत्र प्रत्येक मुलाच्या सायकलीवर असण्याची कांहींएक गरज नाहीं. नकाशाचें एक चांगलें यंत्र शाळेनें सर्वांमिळून घ्यावें, आणि सहलीस निघणाऱ्या तुकडीस तें ग्रंथालयांतील पुस्तकाप्रमाणें नोंदून द्यावें. निघण्यापूर्वीं भूगोलाच्या तासास मुलांनीं कागदावर मार्ग आंखावा, खाड्या, घाट व मुक्काम लिहावे, आणि मगच तो यंत्रांत भरावा. वाटेंत तें दररोज निराळ्या मुलाच्या हँडलावर असावें, म्हणजे पुढारीपण सर्वांच्या वांट्यास येईल. आणि ज्या मुलाच्या हातीं तें असेल त्यानें सर्वांत मागच्याच्या वेगानें चालावें, हा नियम असावा. परत आल्यावर प्रत्येकानें यंत्राकडे न पाहतां सबंध वाटेचा नकाशा आठवणीनें काढावा. तो नकाशा जितका भरलेला असेल, तितकी यंत्राची निवड आणि सहल हीं दोन्ही सफळ झालीं असें समजण्यास हरकत नाहीं.